साफ करून दिलेला आवाज

मी गिटारची तार छेडली आणि काहीच फाटलं नाही. लीडचा लाल दिवा लागलेला होता, सगळे नॉब मी रोज ठेवते त्याच जागी होते, नेहमीसारखी मी तार दाबून वर ढकललीही, आणि अ‍ॅम्पमधून जो सूर आला तो धुऊन इस्त्री केलेला होता. मी पुन्हा छेडली. जोरात छेडली. तरी तेच. इजहारभाई काउंटरच्या पलीकडून माझ्या तोंडाकडे बघत होता, घरचा आंबा कापून दिल्यावर खाणाऱ्याच्या तोंडाकडे बघावं तसा. "घुं आवाज येत होता त्यो तर गेलाच," तो म्हणाला, "पण मी म्हणलं आपल्याच घरचं काम हे, अर्धं कामून ठेवायचं? दुसरा चॅनेल लई फाटत होता, त्याची बी बीमारी काढून टाकली. आता बिलकुल साफ करून दिला आवाज." बाहेर मे महिन्याचं ऊन दुकानाच्या पायरीपर्यंत आलं होतं. उद्या संध्याकाळी वाटूरला कार्यक्रम होता. मी एवढंच विचारलं, "काय काढून टाकलं?"

हा अ‍ॅम्प म्हणजे गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर, जुन्या रेडिओत असायचे तसल्या काचेच्या वॉल्वचा. पुण्याचा एक मुलगा परदेशी जाताना विकून गेला आणि जालन्यात असली वस्तू घेणारी एकटी मी निघाले. चालू केला की लगेच बोलत नाही. आधी वॉल्व तापू द्यावे लागतात, मागच्या जाळीतून नारिंगी उजेड दिसायला लागतो, मग त्याच्या तोंडातून शब्द फुटतो. त्याला दोन चॅनेल. क्लीनमध्ये तार जशी वाजते तशी ऐकू येते, फक्त जरा गोल होऊन. लीडमध्ये तोच सूर एका जास्तीच्या वॉल्वमधून फेरी मारून येतो आणि इतका फुगतो की पुढं मावत नाही. मावत नाही म्हणून त्याच्या कडा फाटतात. जगभरचे गिटारवाले या फाटण्यासाठी जीव टाकतात. आणि इजहारभाईच्या घरात दोन पिढ्या माइक, भोंगे आणि मंडपाचे अ‍ॅम्प दुरुस्त होत आलेत. आवाज फाटला म्हणजे गिऱ्हाईक ओरडत येणार, एवढंच त्या घराला ठाऊक. त्यानं तो जास्तीचा वॉल्व काढला होता आणि त्याच्या जागी वायर सरळ जोडून टाकली होती. प्रेमानं केलं होतं, हे वर आणखी. प्रेमानं केलेल्या नुकसानाचं काय करायचं असतं ते मला कधीच कळलेलं नाही.

सबंध हिवाळा मी त्या लीडच्या मागे घालवला होता. दिवसा मी बियाण्यांच्या एका कंपनीत उगवण तपासते. ओल्या कागदाच्या गुंडाळ्या उलगडायच्या, कोंब सरळ आला का वाकडा आला बघायचं, वाकडा असेल तर बाद म्हणायचं. संध्याकाळी घरी आले की अ‍ॅम्पसमोर बसायचं. लोकांना वाटतं क्लीन लावणं सोपं. बास जरा जास्त झाला की आमच्या पत्र्याच्या खोलीत नुसता घुमारा उठतो, ट्रेबल जास्त झाला की ताटावर चमचा आपटल्यासारखं होतं. हळू छेडलं तर मऊ यावं आणि कचकन छेडलं तर सुराच्या अंगावर जरासा काटा यावा, एवढ्याच जागी गेन, म्हणजे आत शिरणाऱ्या सुराचा जोर, थांबवायचा. ती जागा सापडायलाच दिवाळी उलटून गेली. मग लीड. आधी मी सगळ्या नवशिक्यांसारखा गेन शेवटपर्यंत फिरवला आणि आग्या मोहोळ उठवलं; ओळच हरवली. मग गेन मागं घेतला, बास कमी केला, आणि मिडल वाढवत गेले, कारण माणसाचा आवाज मधल्या पट्टीत असतो. मला नुसता फाटका आवाज नको होता. मला एक शब्द हवा होता.

तो शब्द दादांचा होता. माझे वडील, भिवा, रोलिंग मिलमध्ये तापल्या सळया चिमट्यानं धरायचे आणि सुट्टीच्या आदल्या दिवशी गायन पार्टीत गायचे. त्यांच्याबरोबर बँजोवर चांदपाशाचाचा, म्हणजे या इजहारभाईचे वडील. जयंती आमच्याकडे एप्रिलात सुरू होते आणि मे सरला तरी सरत नाही, कारण प्रत्येक गावाला आपापला दिवस पाहिजे आणि प्रत्येक गावाला पार्टी पाहिजे. दादांचं स्वतः बांधलेलं एक गाणं होतं: 'उन्हाला सांगा, आम्ही सावली मागत न्हाई.' सगळं गाणं साध्या चालीत जायचं, आणि अंतरा संपताना त्या 'न्हाई'वर आवाज वर चढायचा आणि फाटायचा. उभा फाटायचा, मांजरपाट टर्रकन फाडावा तसा. पुढं बसलेली माणसं काही बोलायची नाहीत, टाळ्याही लगेच वाजायच्या नाहीत. मी तेव्हा लहान होते, तरी मला कळायचं की आत्ता या माणसानं कुणाला तरी तोंडावर काहीतरी सांगितलंय. दादांना जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांचं एकही रेकॉर्डिंग नाही. तो शब्द फक्त माझ्या कानात होता, आणि फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी, मिडल जवळजवळ पूर्ण आणि गेन अर्ध्याच्या किंचित पुढं असताना, तो अ‍ॅम्पमधून बाहेर आला. आतल्या खोलीत माय भाकरी थापत होती. तिच्या हाताचा आवाज थांबला. मी रडले, आणि त्याची मला लाज वाटली नाही.

"त्यो वॉल्व बसवा परत," मी इजहारभाईला म्हणाले. तो गडबडला. मग सगळं निघालं. वॉल्व चांगला होता, वाया कशाला घालवायचा, म्हणून त्यानं तो मंठ्याच्या एका मंडपवाल्याच्या जुन्या अ‍ॅम्पमध्ये बसवला होता, आणि मंडपवाला लग्नाच्या सुपाऱ्या घेऊन कुठल्या कुठं गेला होता. तसला दुसरा वॉल्व जालन्यात मिळत नाही, मुंबईहून मागवावा लागतो. "अगं पण आता चांगला तर झाला," इजहारभाई म्हणाला, "भारत बी आल्ता परवा, त्यो म्हणला झकास झालं." भारत येऊन गेला होता तर. भारत माझा चुलतभाऊ, पार्टी आता तोच चालवतो. दादांचं गाणं त्यानं स्टुडिओत जाऊन रेकॉर्ड केलं, कीबोर्ड आणि बासऱ्या घालून, आणि ते सगळ्यांच्या मोबाइलवर गेलं. त्यात तो शब्द तुपावरून घसरल्यासारखा येतो आणि जातो. वाटूरला मी वाजवणार म्हणल्यावर तो म्हणाला होता, "वाजव ना ताई, पण गोड वाजव. किंचाळ्या नको, बाया उठून जातेत. आणि यंदाच हां. पुढच्या साली सगळं ट्रॅकवर घेऊन राह्यलो मी, पेनड्राइव लावायचा अन् गायचं." म्हणजे वाटूर ही एकच संधी होती. वाटूर हे दादांचं गाव. एकदा, फक्त एकदा, तो शब्द त्या गावात जसा होता तसा वाजवायचा, एवढंच मला पाहिजे होतं. त्याच्यानंतर तो स्टुडिओवालाच शब्द खरा ठरणार होता.

"तुम्हाला माहीत होतं ते फाटणं मी मुद्दाम लावलेलं," मी म्हणाले. मी आवाज चढवला होता. शेजारच्या घड्याळवाल्यानं डोकावून बघितलं, बघू दे. "दादांचा आवाज काढायचाय म्हणून सांगितलं होतं मी तुम्हाला." इजहारभाईनं हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. तो चिडला नव्हता, ते जास्त वाईट होतं. "शीला," तो म्हणाला, "राग नको येऊ देऊ. पण ते भिवाकाकाचं नव्हतं गं. अब्बांनी बनवलेला अ‍ॅम्प होता त्यो, वॉल्वचा, ताकद कमी, अन् माणसं म्हणायची वाढवा वाढवा. काकांनी वरचा सूर लावला की अ‍ॅम्प फाटायचा. अब्बा मरेपर्यंत त्याच्यावर हळहळत होते. म्हणायचे, भिवाच्या गळ्यात मध होता, माझ्या मशीननं त्याची बदनामी केली. मी तर त्यांचीच राहिलेली मुराद पुरी केली. तुला वाटलं काय?" मी अ‍ॅम्प उचलला, छातीशी धरला आणि पायरी उतरले. तो मागून "अगं थांब, मी आणतो उद्या गाडीत, साउंड माझाच आहे तिथं" असं म्हणत राहिला.

रिक्षात अ‍ॅम्प मांडीवर होता आणि मांडी बधिर झाली होती. गांधी चमनच्या पुढं कोंडी होती, उसाच्या रसाच्या गाड्यांच्या घंट्या, भोंगे, कुणाच्या तरी टेम्पोवर लावलेलं लग्नाचं गाणं, आणि या सगळ्यात मला एक बंद खोली आठवत होती, जिच्यात मी कधी गेलेलेच नाही. दादा एकदा मोठ्या शहरात गेले होते, एका रेकॉर्डिंगवाल्याकडे. नवा शर्ट घालून गेले होते. त्या माणसानं त्यांना काचेच्या खोलीत उभं केलं, कानाला यंत्र लावलं, गायला लावलं, आणि मग म्हणाला, आवाज गोड आहे हो, पण जोर नाही. मऊ आहे. दादा परत आले आणि हे त्यांनी स्वतःच हसत सांगितलं, आणि सगळी आळी हसली. भिवाच्या आवाजात जोर नाही म्हणतो! बहिरा असेल! मी त्या न बघितलेल्या माणसाला जन्मभर शिव्या दिल्या. वर्गात, कंपनीत, कुणीही टाय लावून माझ्याशी हळू बोललं की मला तो माणूस दिसायचा. आणि आता रिक्षात बसून मला वाटायला लागलं की तो बहिरा नव्हता. त्या खोलीत चांदपाशाचाचाचा अ‍ॅम्प नव्हता, एवढंच. त्यानं जे ऐकलं ते ऐकलं. मग मी काय ऐकत होते? मी जे कानात जपून ठेवलं, ज्याच्या जोरावर मी वर्गात मागच्या बाकावरून पुढच्या बाकावर आले, ज्याच्या जोरावर मी बघायला आलेल्या मंडळींना चहाचा कप हातात देऊन सांगितलं की मी गिटार सोडणार नाही, ते सगळं एका कमी ताकदीच्या यंत्राचं खरखरणं होतं का? वाकडा कोंब मी रोज बाद करते. मला रिक्षातून उतरून पळत सुटावंसं वाटलं. अ‍ॅम्प जड होता म्हणून मी उतरले नाही.

माय दारातच धान्य निवडत बसली होती. मी अ‍ॅम्प खाली ठेवला आणि उभ्यानंच विचारलं, "माय, दादा घरी गायचे तव्हा त्यांचा आवाज फाटायचा का?" ती माझ्याकडे बघत राहिली. "घरी? घरी कशाला फाटन? घरी त्ये गुणगुणायचे. तू निजली का न्हाई हे बघायला बी हळूच आवाज द्यायचे. घरी कोणावर वरडायचं व्हतं त्यास्नी?" मग सुपात बोटं फिरवत म्हणाली, "मिलमधून आल्यावर तर बोलायचेच न्हाईत. तिथं दिवसभर लोखंड बोलायचं." मी आत जाऊन पाणी प्यायले. म्हणजे इजहारभाई खरं बोलत होता. एवढ्यात भारतचा फोन. "ताई, इजहारभाई म्हणला आवाज एकदम साफ झाला. बेस्ट झालं बघ. मी तुला चार सुरांचं पीस पाठवून राह्यलो, मधल्या जागेत तेवढं वाजव, बस. स्टेजवर मागच्या बाजूला बस, पुढं कीबोर्ड राहील." मागच्या बाजूला. मी हो म्हणाले. हो म्हणताना मला स्वतःचा असा काही संताप आला की मी फोन गादीवर फेकला. त्या क्षणी मी हरले होते, हे मला नीट कळत होतं. वॉल्व नव्हता. दादा फाटलेले नव्हते. मऊ, गोड, साफ. बापाचा आवाजच तसला होता म्हणे. मग भांडायचं कशावरून?

तरी अ‍ॅम्प लावला. सवय. वॉल्व तापेपर्यंत मी भिंतीला टेकून बसले, आणि बसले ती नेमकी इतक्या खाली, की समोर मायची पावलं दिसत होती. ती फळीवरचा डबा काढत होती आणि डबा हाताला येईना म्हणून तिनं एक पाऊल पुढं टाकलं. आणि मला स्टेज दिसलं. लहानपणी मी कार्यक्रमात बँजोच्या पेटीवर बसायचे, स्टेजच्या कडेला, म्हणजे माझं डोकं गाणाऱ्यांच्या गुडघ्यापाशी. दादांचं तोंड मला कधी दिसायचंच नाही. मला त्यांची पावलं दिसायची. सतरंजीवर दोन अनवाणी पावलं, मिलमध्ये भाजल्याचा डाग असलेलं उजवं पाऊल. मुखडा चालू असताना ती दोन्ही मागं असायची, सतरंजीच्या पट्ट्यापाशी. आणि अंतरा संपत आला की डागवालं पाऊल उचललं जायचं आणि पुढं पडायचं. माइकच्या दांड्याला अंगठा लागेपर्यंत पुढं. मग तो शब्द. मग पाऊल परत मागं. दर वेळी. दर गावात. चांदपाशाचाचा बँजो वाजवता वाजवता दबक्या आवाजात म्हणायचे, "भिवा, पीछे. भिवा, पीछे हट." मला वाटायचं तो गाण्याचाच भाग आहे. आणि दादा मागं हटायचे नाहीत, शब्द संपेपर्यंत हटायचे नाहीत.

मी उठून उभी राहिले. ते त्यांना माहीत होतं! ज्या माणसाला मिलमध्ये तापली सळई किती धरायची आणि केव्हा सोडायची हे कळत होतं, त्याला माइकपासून किती दूर उभं राहिल्यावर काय होतं हे कळत नव्हतं? त्यांचा गळा मऊ होता. असू दे. मऊ गळ्याच्या माणसानं ते यंत्र हेरलं होतं, त्याला कुठं मावत नाही ते हेरलं होतं, आणि बरोबर त्याच शब्दाला तिथं जाऊन उभा राहत होता. घरी नाही, काचेच्या खोलीत नाही. गावाच्या चौकात, जिथं सांगायचं तिथं. कुणाच्या मशीननं त्यांची बदनामी वगैरे केली नव्हती. त्यांनी ते मशीन फाडलं होतं. मला हसू फुटलं. माय म्हणाली, "काय झालं गं?" मी म्हणाले, "काही न्हाई, तुझा नवरा लई बेरकी होता." ती म्हणाली, "ते मला ठाऊक हे." आणि डबा घेऊन गेली.

आता प्रश्न माझ्या अ‍ॅम्पचा. लीड मेला होता. पण दादांकडे कुठं लीडचं बटण होतं? त्यांच्याकडे एकच साधा चॅनेल होता आणि एक पाऊल होतं. मी क्लीनवर आले आणि मास्टर, म्हणजे शेवटी बाहेर पडणाऱ्या सगळ्या आवाजाचा नॉब, वाढवायला लागले. हा नॉब मी आजवर घरात कधी चौथाईच्या पुढं नेला नव्हता, कारण शेजार आहे. शेवटचे मोठे वॉल्व, जे स्पीकरला ढकलतात, त्यांनाही कुठंतरी मावेनासं होत असणारच. फक्त तिथवर जायला आवाज इतका मोठा लागतो की घरात माणूस राहू शकत नाही. गिटारीचा स्वतःचा एक नॉब असतो, करंगळीजवळ. तो मागं घेतला तर अ‍ॅम्पकडे थोडंसंच जाणार, म्हणजे साफ. पुढं सोडला तर सगळं जाणार. अर्ध्यावर गेले तोच डोक्यावरचा पत्रा थरथरला, मायनं कान झाकले, शेजारच्या दैवशालाकाकूंनी भिंत ठोकली. आवाज मोठा झाला होता, पण फाटला नव्हता. आणखी पुढं फाटेल की नुसता कल्ला होईल, ते या घरात कळणं शक्य नव्हतं. मी बंद केला. ते वाटूरलाच कळणार होतं, सगळ्यांसमोर. मला भीती वाटली, आणि भीतीपेक्षा जास्त, जिद्द म्हणतात ती चढली.

वाटूरला पोहोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. फाट्यावर गाड्यांची ये-जा, वस्तीच्या तोंडाशी निळ्या पताका, विहाराच्या समोर स्टेज आणि स्टेजवर कडक कपड्यातला भारत, माइकमध्ये हॅलो हॅलो म्हणत. इजहारभाई मिक्सरमागे बसला होता. मला बघून त्यानं मान खाली घातली, मग पुन्हा वर केली. माय पुढच्या रांगेत, पांढऱ्या लुगड्यातल्या बायांमध्ये जाऊन बसली. चाचणीच्या वेळी मी गिटारीचा नॉब जवळजवळ मिटवून चार सूर वाजवले, आणि ते इतके गोड आले की भारतनं अंगठा दाखवला. मास्टर मी शेवटपर्यंत फिरवून ठेवला होता. अ‍ॅम्प लोकांकडे पाठ करून ठेवला होता, त्यामुळे ते कुणाला दिसलं नाही. मला मागं बसवलं होतं, तिथं मी बसले. वंदना झाली, दोन गाणी झाली, सत्कार झाले, हार घातले गेले. मी तारांवर हात ठेवून होते. मग भारतनं सांगितलं, आता आपल्या याच गावचे शाहीर, कालकथित भिवा यांचं गाणं. टाळ्या पडल्या. मी उठले. गिटारीची वायर लांब होती, ती मी मुद्दाम लांब आणली होती.

मुखड्याला मी एक एक सूर ठेवला, मऊ, भारतच्या आवाजाच्या खालून. खरं सांगते, ते सुंदर होतं. भारत गातो चांगला, गळा आमच्याच घरातला आहे. उन्हाला सांगा, उन्हाला सांगा. मला त्या क्षणी कळलं की दादांचा गळाही असाच असणार, मध होता म्हणतात तो हाच, आणि त्याचा मला राग उरला नाही. साफ आवाज खोटा नसतो. पण तेवढ्यावर थांबायचं नव्हतं. अंतरा संपत आला. मी कीबोर्डच्या बाजूनं पुढं आले, स्टेजच्या कडेपर्यंत, उजवं पाऊल पुढं टाकलं, करंगळीनं नॉब पूर्ण सोडला आणि तार दाबून वर ढकलली.

फाटला. माझा हिवाळ्यातला लीड याच्यापुढं काहीच नव्हता. सबंध अ‍ॅम्प पायाखालच्या फळ्यांतून बोलला, सूर थरथरत वर गेला आणि तिथं न मावता उभा फुटला, आणि भारतच्या तोंडातला 'न्हाई' त्याच्याखाली कुठंतरी राहून गेला. पोरांनी कान झाकले. कडेचे दोघंतिघं उठून उभे राहिले. विहाराच्या छतावरची पाखरं उडाली. इजहारभाईचा हात मिक्सरकडे गेला, सवयीनं, फाटलं की खाली ओढायचं या सवयीनं, आणि मी त्याच्याकडे बघितलं. त्याचं बोट बटणावर होतं, आणि तोंड असं झालं होतं की जणू मागून कुणीतरी त्याला दबक्या आवाजात काही सांगत होतं. मी सूर सोडला नाही. शब्द संपेपर्यंत सोडला नाही. मग नॉब मागं, पाऊल मागं, आणि पुन्हा मऊ मुखडा. स्टेजसमोर कुणी टाळी वाजवली नाही. पांढऱ्या लुगड्यांच्या रांगेत माय ताठ बसली होती, पदर तोंडाला न लावता.

भारत गात राहिला, गाणं थांबवता येत नाही. पण दुसऱ्या अंतऱ्याला तो माझ्याकडे वळला, गाता गाताच त्यानं डोळे मोठे केले आणि हात खाली दाबून दाखवला, बस, आता नको. कमिटीचा एक माणूस स्टेजच्या पायरीपर्यंत आला आणि बोटानं मला मागं हो म्हणाला. मागं हो. मी इजहारभाईकडे बघितलं. त्यानं मिक्सरवरून दोन्ही हात काढले आणि मांडीवर ठेवले. ओळ पुढं सरकत होती, सावलीपर्यंत आली होती. मी उजवं पाऊल उचललं आणि पुढं टाकलं.